विसार देण्यापूर्वी

उत्साही — काका, तहसील कचेरीत तुमची सारी नोकरी गेली, त्यामुळे तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी सातबारा पुढे करतो. मी मात्र कागद पिशवीतच ठेवून प्रथम माझा विचार मांडणार आहे. अलिबागजवळच्या नागावच्या आगरात, रस्त्यापासून थोडे आत, एक माडीचे घर आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, परसात विहीर, आणि विहिरीपलीकडे अकरा गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी. त्या घरात कित्येक वर्षांत दिवा लागलेला नाही. कौले सरकली आहेत, पश्चिमेच्या भिंतीला कमरेएवढा लोणा चढला आहे, आणि गेल्या पावसाळ्यात माजघरावरचे दोन वासे खाली आले. मालक मंडळी डोंबिवली, पुणे आणि बडोदे अशी पांगलेली. तेथे येऊन राहायचे कोणालाच नाही, आणि एकट्याच्या खर्चाने घर उभे करण्याचे बळही कोणात नाही. माझा बेत असा, की हे घर विकत घ्यावे, पावसाच्या आत शाकारून घ्यावे, भिंती, वीज आणि न्हाणीघरे नव्याने करावीत, आणि शनिवार-रविवार समुद्राजवळ काढण्याची ओढ असलेल्या एखाद्या मुंबईकराला ते विकावे. त्यातून सुटलेल्या पैशावर दुसरे घर, मग तिसरे. अमेरिकेत या व्यवसायाला हाऊस फ्लिपिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला रूढ नाव नाही, तरी कल्पना या किनाऱ्याला परकी नाही. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३० साली किहीमला सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे जे निरीक्षण केले, त्यात हाच क्रम दिसतो : नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर तेथे राहते, नर ते पुरे करून देतो आणि लगेच शेजारी दुसरे विणायला घेतो. घर बांधून दुसऱ्याच्या पसंतीस उतरविणे यात मला तरी काही हीन दिसत नाही.

साशंक — दाखला सुंदर आहे, आणि पुरता घेतला तर उपयोगाचाही आहे. जे घरटे नापसंत होते ते अर्धवट विणलेले तसेच फांदीला लोंबत राहते. नराचे जाते ते गवत आणि श्रम. तुझे भांडवल जाईल, आणि त्यातले बरेचसे बँकेचे असेल. म्हणून आधी हिशेब करू. समजा, घर ६० लाखांना ठरले. मुद्रांक शुल्क पाच टक्के धरले तर तीन लाख. नोंदणी फीची कमाल मर्यादा ३०,००० रुपये. दोन टक्के दलालीचे एक लाख वीस हजार. वकील, मोजणी आणि किरकोळ मिळून पन्नास हजार. दुरुस्तीचे १५ लाख. ४० लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी चौदा महिने वापरलेस तर व्याज ४ लाख २० हजार. एकूण ८४ लाख २० हजार झाले. घर एक कोटीला विकले, त्यातून दोन लाख पुन्हा दलालीचे गेले, उरले १३ लाख ८० हजार. चोवीस महिन्यांच्या आत विकलेल्या स्थावर मालमत्तेवरचा नफा अल्पमुदतीचा ठरतो आणि इतर उत्पन्नात मिळवून त्यावर कर बसतो. तू तीस टक्क्यांच्या पायरीत असशील तर उपकरासह चार लाख तीस हजारांच्या आसपास जातील. हाती राहिले साडेनऊ लाख. तू म्हणशील, मग चोवीस महिने थांबतो. जुलै २०२४ पासून दीर्घमुदतीच्या नफ्याला साडेबारा टक्क्यांचा दर आहे. थांब, परंतु त्या दहा महिन्यांचे तीन लाख व्याज भर, आणि मग मोजून पाहा, हाती जवळजवळ तेवढेच राहतात. कराने सोडलेले व्याज घेऊन जाते. आणि वर्षामागून वर्ष घरे फिरवू लागलास तर प्राप्तिकर खाते त्यास धंद्याचे उत्पन्न मानू शकते, म्हणजे चोवीस महिन्यांचा आधारही उरत नाही.

उत्साही — तुमचे आकडे मी खोडीत नाही. पण माझे स्वतःचे घातलेले भांडवल यात ४४ लाखांच्या घरात असेल. त्यावर चौदा महिन्यांत साडेनऊ लाख हे मुदत ठेवीहून कितीतरी अधिक आहेत. शिवाय विक्रीची किंमत तुम्ही स्थिर धरलीत, ती स्थिर राहणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट उतरविणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा तो रस्ता आज हजारो माणसे वापरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. अलिबागच्या भोवतालचा जो अष्टागर मुंबईला समोर दिसत असूनही दूर होता तो आता जवळ आला आहे. मी दुरुस्ती करीत असताना जमीन माझ्या बाजूने चालत असते, तिचा हिशेब कोणी धरायचा?

साशंक — तोच हिशेब मला वेगळा काढायचा आहे, कारण तुझ्या बोलण्यात दोन निरनिराळे नफे एकाच थैलीत पडले आहेत. भिंत सुकविली, वासा बदलला, कौले चाळली, यातून जे मूल्य वाढले ते तुझे. त्याबद्दल तुला कोणी दोष देणार नाही. सेतू तू बांधला नाहीस. तो सार्वजनिक पैशाने उभा राहिला, आणि त्यामुळे नागावच्या जमिनीला जे मोल आले ते आपोआप कोणाच्या तरी पदरात पडणार आहे. प्रश्न इतकाच, की ज्यांच्या आज्याने त्या वाडीला रहाटाचे पाणी पाजले त्यांच्या पदरात, की त्यांच्याकडून गेल्या महिन्यात विसारपावती लिहून घेणाऱ्याच्या.

आणि वार्तेवर विसंबून राहणाऱ्याने या जिल्ह्याचा इतिहास एकदा पाहावा. रेवस-करंजा पुलाची भाषा अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून लोक ऐकत आहेत. त्या भाषेवर जमिनी घेतलेले किती जण थकून गेले, आणि पूल अजून पुरा व्हायचा आहे. पेण तालुक्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र येणार म्हणून केवढी धावपळ उडाली होती. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारनेच शेतकऱ्यांचे मत घेतले, बहुतेकांनी जमीन देण्यास नकार दिला, आणि तो प्रकल्प उभा राहिलाच नाही. वारा तर कोणाच्याच हिशेबात नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत पोफळी रांगेने आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला वर्षे लागतात, पडायला एक दुपार पुरते.

आता लोण्याकडे ये. पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत ओलावते म्हणजे जमिनीतले क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतात, आणि पाणी सुकले की पांढरे फूल होऊन बाहेर पडतात. घाईतला गवंडी त्यावर सिमेंटचा गिलावा मारतो, वर रंग देतो. भिंत आरशासारखी दिसते, एक पावसाळा सोसते, आणि दुसऱ्यात गिलावा फुगून पापुद्र्याने सुटतो, कारण आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहिलेली नसते. योग्य रीत अशी, की ओलीच्या रेषेच्या वर हातभर जुना गिलावा खरवडावा, भिंत एक सबंध उन्हाळा उघडी ठेवून सुकू द्यावी, क्षार पुन:पुन्हा झाडून काढावा, आणि मग चुन्याचा गिलावा करावा. तुळईच्या दोन्ही टोकांना, ती भिंतीत शिरते त्या जागी, लाकडी दांड्याने ठोकून पाहावे; मधोमध भरीव आवाज देणारी तुळई टोकाला पोकळ बोलते, कारण वाळवी तेथूनच शिरते. या कामाला चौदा महिने पुरत नाहीत. तुझा धंदा वेगाचा आहे आणि हे घर सावकाशीचे आहे. त्यांची गाठ पडली की सिमेंट जिंकते. विकत घेणाऱ्याला ते दोन वर्षांनी कळते, तोवर तू तिसऱ्या घरात असतोस.

उत्साही — भिंतीविषयी तुम्ही बोललात ते मी शब्दशः मानतो आणि त्याप्रमाणे करीन. पहिल्या घरात नफा कमी झाला तरी चालेल. सेतूविषयी मात्र मला उत्तर द्यायचे आहे. सार्वजनिक कामामुळे वाढलेल्या मोलाचा वाटा घेणारा मी एकटा नाही. शेजारचा दुकानदार घेतो, भाड्याने खोल्या देणारा घेतो, ज्यांचा एकही दिवस त्या वाडीत गेला नाही ते डोंबिवलीचे वारसही घेतात. त्यांच्या आज्याने रहाट चालविला, त्यांनी नव्हे. आणि मी नसतो तर काय झाले असते ते तुम्हीच सांगा. आगरातून हिंडा : दर दहा-वीस घरांमागे एक असे दिसेल, की ज्याच्या दारावर कुलूप आणि आढ्यावर पिंपळ आहे. ते कोणी पाडीत नाही, कोणी उभेही करीत नाही. वारसांचे एकमत होईपर्यंत घर थांबत नाही, पडते. मी घेतले तर निदान दोन सुतार, चार गवंडी, एक वायरमन गावातलेच लागतील, आणि जी पडवी कोसळणार होती तिच्यावर पुन्हा कोणी संध्याकाळी बसेल. बेने इस्रायल मंडळींची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अलिबागच्या इस्राएल आळीतली, रेवदंड्यातली कितीतरी कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. ज्या घरांना गिऱ्हाईक मिळाले ती आज नांदती आहेत. ज्यांना मिळाले नाही त्यांची नुसती जोती उरली. विक्रीने घर मरत नाही, काका. विक्री न झाल्याने मरते.

साशंक — यात तथ्य आहे, आणि मी ते हातचे राखून मान्य करीत नाही. पण त्या घरांपैकी बरीचशी घेणारे शेजारचे होते हे तू सोडून दिलेस. ज्याने घर घेतले त्याने त्यात चूल मांडली. तुझ्या योजनेत घर घेणारा तेथे राहत नाही, तू राहत नाहीस, आणि तुझ्याकडून घेणाराही महिन्यातून चार दिवस राहील. तीन मालक बदलतील आणि विहिरीचे पाणी कोणीच शेंदणार नाही. गावच्या पोराला मग स्वतःच्या गावात दोन गुंठे जागा परवडेनाशी होते. तू विकलेल्या दराने पुढचा दर ठरतो, ही जबाबदारी तुझ्या एकट्याची नसली तरी तुझीही आहे.

जमिनीशी माणसाचे नाते काय असावे, या प्रश्नावर हा जिल्हा एकदा उपाशी राहिला आहे. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचे सोडले; पंचवीस गावे त्यात उतरली आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे भात लावले नाही, रानातल्या लाकूडफाट्यावर दिवस काढले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा मालक ठरला. त्या लढ्याचा गाभा एका वाक्याचा होता : जमीन ज्याच्या हाताखाली आहे तिच्यावर त्याचा हक्क, केवळ कागद धरून बसलेल्याचा नव्हे. दोन पिढ्यांत आपण पुन्हा कागद धरून बसणाऱ्यापाशी येऊन पोचलो आहोत की काय, अशी मला धास्ती वाटते.

उत्साही — मला खोताच्या पंक्तीला बसवू नका, तो अन्याय आहे. खोत कुळाच्या राशीतून वाटा नेत असे आणि त्या राशीत त्याचा एक घाम नसे. मी ठरलेली किंमत रोख मोजतो आणि घरात काम करवून घेतो. ज्यांची जमीन कुळकायद्याने झाली त्यांच्याच नातवंडांना आज ती विकायची आहे. मालक झालेल्या माणसाला विकण्याची मुभा नसेल तर तो मालक कसला?

साशंक — मुभा आहे, पण मोकळी नाही, आणि ती मोकळी का नाही हे पाहण्यासाठीच आता पिशवीतले कागद बाहेर काढ.

हा बघ वाडीचा सातबारा. घराच्या दस्ताबरोबर ही अकरा गुंठ्यांची वाडी येते, आणि ती शेतजमीन आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीखेरीज ती घेता येत नाही. तुझ्या वडिलांचे माणगावला खाते आहे, म्हणून तुझे भागेल. पण तू ज्या मुंबईकराला विकणार आहेस त्याचे खाते कोठे आहे? म्हणजे तुझे गिऱ्हाईक पहिल्याच पावली निम्म्याहून कमी झाले, अथवा वाडी बिनशेती करून घेण्याचा खर्च आणि मुदत तुझ्या हिशेबात आली. गावठाणालगतच्या जमिनीला त्यात सवलत आहे, पण ती लागू होते की नाही हे मोजणीखेरीज सांगता येत नाही. घराची गोष्ट आणखी वेगळी. तू जी आणली आहेस ती ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती. ती कर कोणी भरला हे सांगते, मालक कोण हे सांगत नाही. आता ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. या घराची आली असेल तर आधी ती पाहा. घर भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर आहे तेही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याआधीचे अधिकृत घर असेल तर मूळ जोत्याच्या मापात दुरुस्त करता येते, जोते वाढविता येत नाही. तुझ्या आराखड्यातली नवी दोन न्हाणीघरे जोत्याबाहेर जातात की आत बसतात हे तू पाहिलेले नाहीस. किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये स्फोटके लावून पाडावा लागला. नियमाबाहेरचे बांधकाम कितीही देखणे झाले तरी जमिनीवर त्याचा पाय नसतो, हे साऱ्या तालुक्याने त्या दिवशी पाहिले.

पण या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते ती ही एक ओळ. भोगवटादाराच्या रकान्यात थोरल्या भावाचे नाव आहे आणि त्यापुढे तीन अक्षरे : ए. कु. मॅ. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा फेरफार १९६१ चा आहे. बाप वारला, तलाठ्याने थोरल्या मुलाचे नाव चढविले, आणि बाकीची सारी भावंडे त्या तीन अक्षरांमागे जाऊन उभी राहिली. तो थोरला भाऊही आता हयात नाही. त्याची तीन मुले म्हणजे तुझे विक्रेते. मी फेरफाराची मूळ नोंद कचेरीत काढून पाहिली. मयतास दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. मुलींची नावे इतर अधिकारात सुद्धा नाहीत. १९५६ च्या वारसा कायद्याने त्यांचा वाटा तेव्हाच उपजलेला होता, तो कोणी सोडून दिल्याचा दस्त दप्तरात नाही. त्यांपैकी एक बडोद्याला आहे, असे तूच मघाशी बोलून गेलास.

उत्साही — मी पुतण्यांकडून ऐकले, की आत्याबाईंनी कधी काही मागितले नाही. पंचाऐंशीच्या पुढे आहेत.

साशंक — मागितले नाही, आणि सोडलेही नाही. वहिवाटीत या दोन गोष्टी एक समजल्या जातात. कायद्यात समजल्या जात नाहीत.

या संवादात माझा, म्हणजे लिहिणाऱ्याचा, कल कोणाकडे आहे ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पडक्या घराविषयी तरुण बोलतो ते मला खरे वाटते. बंद दारांमागे कुजणारी लाकडे पाहून ज्याला वाईट वाटते त्याने दुरुस्ती करणाऱ्याला नावे ठेवू नयेत. कागदाविषयी मात्र मी पूर्णपणे वडील माणसाच्या बाजूचा आहे, आणि पुढील उत्तर मी दोनदा ऐकून मग लिहिले.

उत्साही — मग मी सरळ विचारतो. बाजारात घेणारा आपली माहिती विकणाऱ्याला सांगत बसत नाही. आंबा घेणारा व्यापारी वाशीचा भाव बागायतदाराला सांगत नाही. सेतूमुळे दर कुठे जाणार, हे मी अभ्यासाने जाणतो. त्या आत्याबाईंना ते ठाऊक नसेल तर तो माझा अपराध कसा? माझा सारा व्यवसाय याच अंतरावर उभा आहे, की मला जे दिसते ते दुसऱ्याला अजून दिसलेले नाही. हे अंतर काढून घेतले तर व्यवसायच राहत नाही.

साशंक — हा प्रश्न तू उघड विचारलास हे बरे झाले, कारण कायद्याने त्याला निम्मे उत्तर दिलेले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ वकील मंडळी विक्रेत्याच्या कर्तव्यांसाठी वाचतात. त्यातच घेणाऱ्याचेही एक कर्तव्य लिहिले आहे. विक्रेत्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती याविषयीची एखादी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल, विक्रेत्याला ती ठाऊक नाही असे मानण्यास त्याला कारण असेल, आणि तिच्यामुळे त्या हक्काचे मोल लक्षणीय वाढत असेल, तर ती घेणाऱ्याने सांगितली पाहिजे. आत्याबाई जर उद्या पुतण्यांच्या सांगण्यावरून नुसत्या संमतीची सही करायला बसल्या, आणि आपण केवळ सही करतो आहोत, आपला वाटा विकीत नाही, अशी त्यांची समजूत असली, तर तू गप्प राहू शकत नाहीस. सेतूविषयी मात्र हे कलम काही म्हणत नाही. विकणाऱ्याचा हक्क किती, हे सांगावेच लागते. त्या हक्काचा उद्याचा भाव किती, हे सांगण्याची सक्ती नाही. कायद्याने रेघ येथे ओढली आहे.

उत्साही — मग मी रेघेच्या अलीकडे उभा आहे.

साशंक — आहेस. मी तुला रेघेच्या पलीकडे ढकलीतही नाही. मी एवढेच विचारतो, की तुझ्या साडेनऊ लाखांपैकी किती भिंतीतून आले आणि किती तुझ्या न बोलण्यातून, हे तू स्वतःशी वेगळे मांडू शकतोस का? भिंतीतला वाटा जितका मोठा तितका तू सुतार-गवंड्याच्या जवळ. न बोलण्यातला जितका मोठा तितका त्या खोताच्या जवळ, ज्याच्या नावाने तुला राग आला. शून्य कोणाचाच नसेल. व्यापार शून्यावर चालत नाही, हे मला मान्य आहे.

उत्साही — आणि मी ते मांडले, आत्याबाईंना सेतूचेही सांगितले, आणि त्यांनी दुप्पट मागितले, म्हणून व्यवहार फिसकटला, तर? घर तसेच पडेल. पुढच्या पावसाळ्यात माडी खाली येईल. मग कोणाचे भले झाले? तुमच्या प्रामाणिकपणाची किंमत त्या तुळयांनी भरायची?

साशंक — याचे उत्तर माझ्यापाशी नाही. एखादे घर पडू देऊन एखादीचा हक्क राखणे हे नेहमीच रास्त, असे मी म्हणू शकत नाही; चाळीस वर्षांत मी हक्क राखून मोकळी झालेली पुष्कळ जोती पाहिली आहेत. उलट, घर वाचविले म्हणून हक्क बुडवायला हरकत नाही, असेही म्हणवत नाही. कदाचित तिला किंमत न देता वाटा देता येईल : विक्री झाल्यावर ठरलेल्या रकमेवर जे मिळेल त्यातला काही हिस्सा. तसा करार लिहिता येतो. तो कोणी लिहीत नाही, कारण त्यात वेळ जातो.

उत्साही — विसार सोमवारी द्यायचा ठरला आहे.

साशंक — मग शनिवारी रात्रीच्या गाडीने बडोद्याला जा. पंचाऐंशीच्या पुढच्या बाईला फोनवर सातबारा समजावता येत नाही. समोर बसावे लागते, आणि तिला ऐकू येते का हे पाहावे लागते. जाताना १९६१ च्या फेरफाराची नक्कल घेऊन जा. तिने आपले नाव त्यात वाचले पाहिजे.

उत्साही — आणि त्या म्हणाल्या, बाळ, मला काही नको, ज्यांचे आहे त्यांना घेऊ दे?

साशंक — तर हक्कसोडपत्र नोंदणी करून घे, म्हणजे ते तिने म्हटले आणि तू ऐकले एवढ्यावर राहणार नाही. आणि तेव्हाही तुझ्या मनाशी विचार, की तिने ते सगळे जाणून म्हटले की थकून. ते मला येथे बसून कळणार नाही, आणि तुलाही कदाचित तेथे बसून कळणार नाही.

या लेखाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजोळ किंवा मूळ गाव रायगडच्या किनाऱ्यावर असेल, आणि तेथील एखाद्या बंद घराच्या उताऱ्यावर त्यांचे किंवा त्यांच्या आईचे नाव असेल, अथवा असायला हवे असेल. दस्त नोंदला गेला की तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ती नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, मुंबईच्या किंवा बडोद्याच्या नव्हे. डिजिटल सहीचा सातबारा आता महाभूमीवर घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो. तो या आठवड्यात काढावा, इतर अधिकाराचा रकाना वाचावा, आणि थोरल्या माणसाच्या नावापुढे ए. कु. मॅ. ही अक्षरे दिसली, तर त्या माणसाला बहिणी किती होत्या हे घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला आजच विचारून लिहून ठेवावे.